पोळ्याच्या आधीचं एक काम

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जाऊन पाहा. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळा. डफडी कडाडताहेत, झडत्या रंगल्यात, पोरं मधूनच धावताहेत आणि बैल एकमेकांना खेटून मुकाट उभे आहेत. ते असे उभे राहू शकतात, कारण त्यांतला जवळपास प्रत्येक बैल ठेचलेला असतो. अंडील गोऱ्हा औताला जुंपायचा नसतो, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की दवाखान्यात नेऊन बर्डिझोचा चिमटा लावून आणतात. चिमट्यानं कातडी फाटत नाही, आतली नस तेवढी चेपली जाते. त्याआधीच्या पिढ्यांत हेच काम दोर, काठ्या आणि दगड घेऊन होई, आणि ते पाहवत नसे. तरी त्याला कुणी पाप म्हटलं नाही.

आता त्याच घराच्या ओट्यावर बसलेल्या कुत्रीचा विषय काढा. “तिले काहून कापता जी? मुका जीव हाय. पाप लागते.” शहरातल्या फ्लॅटमध्ये हेच वाक्य जरा बऱ्या मराठीत ऐकू येतं: निसर्गाच्या विरोधात कशाला जायचं, एकदा तरी आई होऊ दे तिला. बैलाला आपण भूल न देता चिमटा लावतो. कुत्रीचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, वेदनाशामक इंजेक्शन देऊन होतं. दोन्हींत जास्त काळजी कुठे घेतली जाते, हे उघड आहे. फरक एवढाच की बैलाच्या नसबंदीचा फायदा दुसऱ्या दिवशी औतावर दिसतो, कुत्रीच्या नसबंदीचा फायदा डोळ्यांना दिसत नाही. जे घडलं नाही ते दिसणार कसं?

काय घडत नाही, ते पाहायचं तर पंचांग उघडावं. पोळा श्रावणातल्या अमावास्येला असतो. दुसऱ्या दिवशी भाद्रपद लागतो, आणि भादव्यात गावातली कुत्री काय करतात हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. जयपूरमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीची मोठी मोहीम चालवणाऱ्या पशुवैद्यकांनी त्यांच्या प्रजननाच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा त्यांनाही हेच आढळलं. भारतातली गावठी कुत्री बहुतांशी वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या शेवटाला माजावर येते. गर्भ त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे दिवाळीच्या मागे-पुढे, कापसाची वेचणी चालू असताना, गावोगावच्या उकिरड्यांवर, कुडाच्या आडोशाला, जिनिंगच्या आवारात पिल्लं केकाटू लागतात. घरात पोटभर खाणारी, जातिवंत म्हणवली जाणारी कुत्री मात्र भादव्याची वाट पाहत नाही. ती साधारण दर सहा-सात महिन्यांनी माजावर येते.

या पिल्लांचं पुढे काय होतं? दोन-तीन घरं ‘नर असंल तर द्या’ म्हणून एकेक नेतात. माद्या उरतात. एके दिवशी त्यांना बारदान्यात भरतात आणि नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या एखाद्या ढाब्याजवळ, नाहीतर बाजार समितीच्या आवारात सोडून येतात. ‘तिथं खायला मिळते’ हे त्यावरचं समाधान. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी मोकाट कुत्र्यांच्या ९५ वेतांतली ३६४ पिल्लं डोळ्यांसमोर ठेवली आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. मेलेल्यांपैकी बहुसंख्य पिल्लं माणसामुळे गेली: गाडीखाली, मारामुळे, विषामुळे, नाहीतर उचलून नेल्यामुळे. ‘एकदा तरी आई होऊ दे’ म्हणताना हा हिशेब आपण धरत नाही. एकदा व्याल्यानं कुत्रीच्या तब्येतीला काही फायदा होतो, असं पशुवैद्यकशास्त्रात कुठेही नाही.

नसबंदीचा प्रचार करणारेही कधी कधी वाहवत जातात. एका कुत्रीपासून सहा वर्षांत सदुसष्ट हजार कुत्री होतात, असं एक पत्रक वर्षानुवर्षं फिरतं आहे. प्रत्येक पिल्लू जगलं आणि प्रत्येक मादी वर्षातून दोनदा व्याली तरच हे गणित जमतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. खरा हिशेब असा, की शंभर पिल्लांतली ऐंशी हाल होऊन मरतात आणि उरलेली वीस गावातली संख्या होती तिथे आणून ठेवतात. फुगवलेल्या आकड्यापेक्षा मला हा जास्त अस्वस्थ करतो.

टीव्हीवरच्या चर्चेत एक मोठा घोटाळा असतो. तिथे कुत्र्यांचे दोन वर्ग मानतात: पाळीव आणि भटके. दिल्लीतल्या बंगल्यासाठी ते ठीक असेल. दारव्हा, दिग्रस, उमरखेड, वणी इथे असा उभा कापलेला भेद नाही. बंजारा तांड्यावरचा कुत्रा एका घरी भाकरी खातो, दुसऱ्याच्या दारात झोपतो आणि अनोळखी माणूस आला की साऱ्या तांड्याचा असतो. कोलाम पोडावर तर साखळी हा प्रकारच क्वचित दिसतो. यवतमाळ शहरातला गळ्यात पट्टा असलेला कुत्रासुद्धा रात्री ‘फिरून येऊ दे’ म्हणून मोकळा सोडतात. आपल्याकडचा पाळलेला कुत्रा भादव्यातल्या घोळक्यात असतोच. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख मोकाट कुत्री मोजली गेली. त्यांतली किती कुणाच्या तरी घरच्या कुत्रीची पिल्लं असतील, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही.

कुत्री मारून हा प्रश्न सुटत नाही, हे फार आधी कळायला हवं होतं. मुंबईत कुत्री मारण्यावरून १८३२ साली दंगल झाली होती, एवढा तो उपाय जुना आहे. कुत्री उचलली की उकिरडा तसाच राहतो, उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात आणि शेजारच्या वस्तीतली कुत्री मोकळ्या जागेत येतात. म्हणून २००१ साली नियम आले, आणि त्यांच्या जागी १० मार्च २०२३ रोजी नवे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू झाले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, ओळखीसाठी कानाला खूण करा, बरं झाल्यावर होतं तिथेच सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांना निवाऱ्यात डांबण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलून याच पद्धतीवर परत आलं. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा जागांपुरता वेगळा आदेश झाला. हे सगळं मोकाट कुत्र्यांबद्दल. पाळीव जनावराचं जंत निर्मूलन, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्याच २०२३ च्या नियमांत लिहिलेलं आहे. त्या ओळीवर वाद झाला नाही, कारण ती फारशी कुणी वाचलीच नाही. नगरपरिषदेची गाडी कधी आलीच, तरी पट्टेवाल्या कुत्रीला हात लावणार नाही. तिचं काम घरच्यांनीच करायचं.

ते काम मोहिमेच्या चिकाटीनं झालं तर काय होतं, त्याचं उदाहरण पुन्हा जयपूरचंच. तिथे १९९४ च्या अखेरीपासून २००२ पर्यंत कामाच्या भागातल्या सुमारे ६५ टक्के माद्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि त्या भागात माणसांना होणारा रेबीज जवळपास थांबला. पुढच्या वर्षांत चावे घेण्याचं प्रमाणही उतरलं. चावे सर्वांत जास्त होत ते व्यायल्यानंतरच्या काही आठवड्यांत, कारण पिल्लांची आई जवळ येणाऱ्यावर धावते. गोव्यात भर लसीवर होता. दरवर्षी घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस दिली गेली, आणि मागच्या तीन वर्षांत रेबीजनं एकही माणूस दगावला नाही, असं तिथल्या सरकारनं २०२१ मध्ये सांगितलं. लस आणि नसबंदी यांचं नातं साधं आहे. दहांतल्या सात कुत्र्यांना लस असेल तर रेबीजची साखळी तुटते. पण दर दिवाळीला लस नसलेली नवी पिल्लं त्यात भर घालत राहिली तर सातांची पाच व्हायला वेळ लागत नाही.

आता प्रत्यक्ष त्या जनावराला काय मिळतं ते बघू, कारण मालकाला पटतं ते हेच.

गर्भाशयात पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, हा कुत्रीच्या मालकानं नावानिशी ओळखावा असा आहे. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत तो डोकं वर काढतो. सहा-आठ वर्षांची, कधीच न व्यालेली किंवा पूर्वी कधीतरी व्यालेली कुत्री एकाएकी पाण्याचं भांडं रिकामं करू लागते, सारखी लघवीला जाते, खाणं सोडते, ओकते. काहींच्या मागून घाण वासाचा स्राव येतो आणि निदान चटकन होतं. काहींत गर्भाशयाचं तोंड बंद राहतं. पू आतच साठतो, पोट ताठतं आणि मालकाला वाटतं गाभण आहे. ही दुसरी तऱ्हा जास्त घातक. उपाय म्हणजे तेच गर्भाशय काढायचं ऑपरेशन, पण आता तापलेल्या, विष भिनलेल्या, वय झालेल्या कुत्रीवर, रात्री-अपरात्री, कितीतरी जास्त जोखमीनं. स्वीडनमध्ये कुत्र्यांची सरसकट नसबंदी करण्याची रीत नाही आणि बहुतेक कुत्र्यांचा विमा असतो, त्यामुळे तिथे याची मोजदाद झाली. दहा वर्षांच्या वयापर्यंत साधारण पाचांतल्या एका मादीला हा आजार होतो. गर्भाशय आणि बीजांडं वेळेवर काढलेली असली तर तो होत नाही.

दुसरा आजार आपल्या भागातल्या पशुवैद्यकांना अगदी ओळखीचा आहे. कुत्रीच्या मागून रक्ताचे थेंब पडताहेत, आठवडे झाले तरी थांबत नाहीत, घरचे म्हणतात माजावर आहे. तपासलं तर योनीत लालसर, खडबडीत, हात लावताच रक्त येणारी गाठ असते. नरात ती लिंगावर असते. हा संसर्गानं पसरणारा कर्करोग. याची गंमत म्हणावी की भीती, कळत नाही: इथे विषाणू किंवा जिवाणू पसरत नाही, गाठीतली पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्यात जाऊन रुजते. हजारो वर्षांपूर्वी आशियातल्या कुठल्याशा एका कुत्र्याला झालेली गाठ अजून जगभर या अंगावरून त्या अंगावर जगते आहे. ती पसरते मुख्यतः संभोगातून. व्हिन्क्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी देऊन बहुतेक वेळा बरी होते, पण त्या फेऱ्या, तो खर्च आणि मधेच उपचार सोडणारे मालक हे सगळं टाळता येतं.

स्तनांच्या गाठींबद्दल जरा जपून बोललं पाहिजे. पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर धोका जवळजवळ संपतो, असे १९६९ च्या एका अमेरिकी अभ्यासातले आकडे अजून सर्रास सांगतात. २०१२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी असे सगळे अभ्यास पुन्हा तपासले आणि पुरावा वाटतो तितका भक्कम नाही, असं नोंदवलं. लवकर केलेल्या ऑपरेशनचा फायदा मात्र त्यांनीही पूर्ण नाकारला नाही. नसबंदी केलेल्या नरांत वृषणाच्या गाठी होत नाहीत आणि म्हातारपणी प्रोस्टेट वाढून होणारा त्रास टळतो.

शेतकऱ्याची खरी शंका आजाराची नसतेच. झरी-जामणी, केळापूर, घाटंजीकडे तुरीत आणि हरभऱ्यात रात्रीची जागल असते. रोही आणि रानडुकरं उभं पीक लोळवतात, आणि मचाणाखाली कुत्रा हवाच. ऑपरेशन केलं की कुत्रा सुस्तावतो, भुंकत नाही, राखण करत नाही, ही समजूत पक्की आहे. पण भुंकणं हे आपली जागा, आपली माणसं आणि सवय यांतून येतं, वृषणातून नव्हे. राखण करणाऱ्या माद्याच कितीतरी असतात. नसबंदीनं कमी होतं ते भटकणं, माजावरच्या मादीसाठीची मारामारी, जागोजागी मुतणं. न केलेला नर भादव्यात मळा सोडून चार-आठ दिवस बेपत्ता होतो आणि परततो तेव्हा कान फाटलेला, मानेवर जखम आणि पावसाळी हवेत त्या जखमेत अळ्या पडलेल्या. मग त्यावर फिनाईल ओततात, ते वेगळंच. केलेला नर मळ्यातच राहतो. मात्र भित्र्या, मार खाऊन चावरा झालेल्या कुत्र्याचा स्वभाव ऑपरेशननं बदलेल, ही आशा ठेवू नये. आणि एकाच जनावराचा खर्च झेपणारा असेल तर आधी मादीचं करावं. गावात एक नर शिल्लक राहिला तरी तो सगळ्या माद्यांना पुरतो.

टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत याला आणखी एक पदर आहे. भटकणारा कुत्रा जंगलात शिरतो, चितळाच्या पाडसामागे लागतो, कधी बिबट्याच्या तोंडी जातो, आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर हा आजार जंगलात सोडून येऊ शकतो. गीरमध्ये २०१८ साली वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा मेलेल्या काही सिंहांत याच आजाराचा विषाणू सापडला. टिपेश्वरचा ‘वॉकर’ म्हणून नाव झालेला वाघ २०१९ मध्ये तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एवढ्या वाटेत त्यानं किती गावांच्या शिवा ओलांडल्या असतील आणि त्या प्रत्येक शिवेवर किती कुत्री असतील! डिस्टेंपर नसबंदीनं थांबत नाही, त्याला लसच लागते. पण जे कुत्रं घरी थांबतं त्यालाच वेळेवर लस देता येते.

तोटे नाहीत असं नाही. वजन वाढतं, कारण भूक तीच राहते आणि शरीराची गरज घटते. ऑपरेशननंतर खाणं पाव हिश्शानं कमी करावं लागतं, आणि लाडानं चारलेली तुपातली पोळी आधी बंद करावी लागते. मोठ्या जातीच्या काही माद्यांत पुढे झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो, तो गोळ्यांनी बराचसा आटोक्यात येतो. यवतमाळ-पुसदला आता लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर बरेच आलेत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या अभ्यासांत अशा जातींचं ऑपरेशन वर्षाच्या आत केल्यास सांध्यांचे आजार वाढलेले दिसले. त्यांच्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबावं, की कधी करावं, हे डॉक्टरशी बोलून ठरवावं. गावठी आणि लहान चणीच्या कुत्र्यांना ही अडचण फारशी नाही, त्यांना सहा महिने पुरतात.

वेळेचं गणित मोठं मजेशीर आहे. दिवाळी-संक्रांतीच्या दरम्यान जन्मलेलं पिल्लू मृगाच्या आसपास सहा महिन्यांचं होतं. नेमकी तेव्हाच कापसाची लागवड, आणि त्याच्या आगेमागे सरकारी दवाखान्यातली माणसं घटसर्प-फऱ्याच्या लसीकरणात गुंतलेली. म्हणून काम राहतं आणि भादवा येतो. पहिली निंदण-डवरणी उरकल्यापासून पोळ्यापर्यंतचा काळ याला बरा. थोराड कुत्री माजावर असताना ऑपरेशन टाळतात, कारण रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज संपून दोन-तीन महिने गेल्यावर, थंडीत, ते सोपं जातं. पिल्लं दूध पीत असतील तर सुटेपर्यंत थांबायचं.

डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: रक्त तपासणार का? आपल्याकडे गोचिडतापाचं प्रमाण मोठं आहे. या तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, कुत्री वरून ठणठणीत दिसते आणि टेबलावर रक्त थांबत नाही. गोचिडं असलेल्या कुत्रीची ही तपासणी हौसेची नव्हे. गावच्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर असेलच असं नाही. पोट उघडायचं काम पदवीधर पशुवैद्यकाचं, त्यासाठी तालुक्याचा मोठा दवाखाना, जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय किंवा चांगला खासगी डॉक्टर गाठावा.

ऑपरेशन असं होतं. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, नाहीतर भुलेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. शांत करणारं इंजेक्शन, मग भूल. पोटावरचे केस काढून, जंतुनाशकानं पुसून बेंबीच्या खाली दोन बोटांएवढा छेद. कुत्रीचं गर्भाशय दोन लांब शिंगांचं असतं, एकेका शिंगाच्या टोकाला बीजांड. डॉक्टर बोटानं ते शिंग शोधून वर घेतो, बीजांडाजवळची रक्तवाहिनी घट्ट बांधतो, कापतो, तसंच दुसऱ्या बाजूचं, शेवटी बुडाशी गाठ मारून सगळं बाहेर काढतो. सराव असलेल्या हाताला अर्धा-पाऊण तास लागतो. सगळी किमया त्या गाठींत आहे. नराचं काम याहून सोपं, पण तो लगेच निर्धोक होत नाही. नळीत उरलेल्या बिजामुळे महिनाभर तरी त्याला माद्यांपासून लांब ठेवावं.

घरी आणल्यावर दहा-बारा दिवस आंघोळ नाही, उड्या नाहीत, जखमेवर हळद-तेल-राख काही नाही, आणि गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर. ती पाहून घरातल्या आजीला दया येते आणि ती रात्री हळूच काढून ठेवते. टाके उसवून परत येणाऱ्या कुत्र्यांमागे बऱ्याचदा हेच असतं. आजीला आधीच समजावून ठेवावं.

मांजराला पोळा-भादवा काही नसतो. भाटी पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येते आणि आठवडाभर घर डोक्यावर घेते. बोका भेटला तरच तिचं बीज सुटतं, म्हणून गाभण राहण्याचा नेम सहसा चुकत नाही. पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. मांजरातल्या स्तनांच्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात, आणि सहा महिन्यांच्या आत केलेल्या ऑपरेशननं तो धोका फार कमी होतो, याचा पुरावा मात्र चांगला आहे. बोक्याचं काम काही मिनिटांचं असतं. संध्याकाळी तो घरी येतो, भिंतींवर फवारायचं बरंचसं सोडतो, रात्रीच्या मारामाऱ्या थांबतात. दुखतंय असं वाटलं तर डॉक्टरनं दिलेलंच औषध द्यावं. डब्यातली पॅरासिटामॉल मुळीच नको: ती निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच, आणि अर्धी गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.